टेलिंग धरणाची उंची वाढवायची कशी? चार पर्याय आणि देखरेखीचा प्रश्न

पाण्याचे मातीचे धरण आधी पुरे बांधतात आणि मग भरतात. टेलिंग धरणाचे उलट असते. सुरुवातीला एक छोटा बांध घालतात, त्यामागे दळलेल्या कच्च्या खनिजातून उपयोगी भाग काढून उरलेला ओला गाळ (टेलिंग) सोडतात, आणि खाण चालेल तशी त्यावर उंची चढवत जातात. म्हणून पद्धत निवडताना पहिला प्रश्न एकच विचारावा: पुढचा टप्पा कशावर उभा राहणार आहे?

अपस्ट्रीम

नवा टप्पा आतल्या बाजूला, साचलेल्या गाळावरच बसतो. भराव अगदी थोडा लागतो, पायथा जागचा हलत नाही, त्यामुळे सर्वांत स्वस्त. पण इथे गाळ हाच पाया होतो. बांधालगत जाडी वाळू साचली पाहिजे, तळ्याचे पाणी दूर राहिले पाहिजे, आणि उंची वर्षाला चार-पाच मीटरच्या वर जाता कामा नये. नाहीतर कणांमधल्या पाण्याचा दाब उतरायला वेळच मिळत नाही.

ब्राझीलमधल्या फुंदाओ धरणावर नेमके हेच बिघडले. बांध आणि पाणी यांच्यामध्ये २०० मीटर रुंद वाळूची पुळण राखायची होती. पाणी काही वेळा ६० मीटरपर्यंत आले. जिथे वाळू हवी तिथे मऊ चिकट गाळ बसला. पुढे धरणाच्या डाव्या खांद्याची, म्हणजे डोंगराला टेकणाऱ्या टोकाची रेषा आत घेतली, तेव्हा बांध त्याच गाळावर चढला. ५ नोव्हेंबर २०१५ ला तो वाहून गेला आणि १९ माणसे गेली. ब्राझीलमधल्याच ब्रुमादिन्योचे ८६ मीटर उंच धरण २५ जानेवारी २०१९ ला फुटले तेव्हा त्यात २०१६ पासून नवा गाळ पडतही नव्हता. आतला ओला, सैल गाळ काही क्षणांत द्रवासारखा झाला. २७० जणांचा जीव गेला. खाणीचे कँटीन आणि कार्यालय धरणाच्या खालीच होते.

चिलीने १९६५ च्या भूकंपात एल कोब्रेचे टेलिंग धरण फुटल्यानंतर १९७० मध्ये ही पद्धत बंद केली, ब्राझीलने २०१९ मध्ये. कोकण-गोव्यासारख्या पावसाच्या मुलखात ती निवडूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. चार महिने तळे भरलेले असताना पुळण कोरडी राखता येत नाही.

डाउनस्ट्रीम आणि सेंटरलाइन

डाउनस्ट्रीममध्ये प्रत्येक टप्पा बाहेरच्या बाजूला, घट्ट दाबलेल्या भरावावर चढतो. आत वाळूचा उभा निचरा-पडदा आणि तळाशी आडवा थर देऊन पाझर पायथ्याशी बाहेर काढता येतो. किंमत मात्र मोठी. माथा १० मीटर, आतला उतार २:१ (दोन मीटर आडवे, एक मीटर उभे), बाहेरचा २.५:१ धरा. ३० मीटर उंचीला लांबीच्या दर मीटरमागे सुमारे २,३२५ घनमीटर भराव लागतो, ६० मीटरला ८,७००. उंची दुप्पट, भराव पावणेचारपट, आणि पायथा १३५ मीटर पुढे सरकतो. ही जमीन पहिल्याच दिवशी ताब्यात हवी.

सेंटरलाइनमध्ये माथा त्याच उभ्या रेषेत वर जातो. वरच्याच मापांनी ६० मीटरला सुमारे ६,००० घनमीटर पुरतात आणि पायथा ७५ मीटर सरकतो. आतली कड थोडी गाळावर टेकते, पण बाहेरचा भार दाबलेल्या भरावावरच राहतो. भराव कमी आणि जागा अडचणीची असेल तर हा योग्य मधला मार्ग.

पण चांगली पद्धत म्हणजे चांगले धरण नव्हे. कॅनडातील माउंट पॉलीचे धरण सुधारित सेंटरलाइन पद्धतीचे होते. पायाखालचा हिमनदीच्या सरोवरातील चिकणमातीचा थर तपासणीत नीट कळला नव्हता आणि बाहेरचा उतार १.३:१ इतका उभा ठेवला होता. ४ ऑगस्ट २०१४ ला पाया सरकला. बोअरहोलवर वाचवलेला पैसा असा परत मागितला जातो.

गाळलेला कोरडा ढीग

फिल्टर प्रेसने (गाळ दाबून पाणी गाळणाऱ्या यंत्राने) पाणी काढून ओलसर माल पट्ट्याने किंवा डंपरने नेऊन थराथरांत रोलरने दाबायचा. तळेच नसल्याने फुटून वाहण्याचा धोका फार घटतो. मात्र प्रेस आणि विजेचा खर्च मोठा, बारीक चिकट गाळ सावकाश गळतो, आणि पावसाळ्यात माल दाबताच येत नाही. तेव्हा आच्छादित साठा किंवा पर्यायी जागा आराखड्यात आधीच दाखवलेली हवी.

देखरेख कोणाची?

आतल्या पाण्याचा दाब मोजणारे पिझोमीटर, पायथ्याच्या निचऱ्याच्या प्रवाहाचे मापन, पृष्ठभागाची हालचाल टिपणारे रडार ही सगळी साधने लागतातच. निचऱ्याचे पाणी गढूळ झाले, की आतून माती वाहते आहे असे समजून त्याच दिवशी अभियंता जागेवर हवा. तरीही ब्रुमादिन्योत फुटण्याआधी ठळक हालचाल दिसलीच नव्हती. ठिसूळ वागणाऱ्या, म्हणजे इशारा न देता एकदम ढासळणाऱ्या गाळाच्या धरणाला मापन हे संरक्षण ठरत नाही. तिथे पायथ्याला आधारभराव घालावा आणि खालची माणसे आधीच हलवावीत.

स्थैर्याचा दाखला देणारा सल्लागार त्याच कंपनीच्या पुढच्या कामावर अवलंबून असेल, तर त्या सहीवर विसंबू नये. ब्रुमादिन्यो धरणाला २०१८ मध्ये स्थिर ठरवले होते. गाळातले पाणी निचरा न होता अडकून राहील अशा स्थितीतला सुरक्षा गुणांक होता १.०९; तो १ वर आला की धरण ढासळण्याच्या काठावर असते. सरकारी तपासनीस वर्षातून फार थोडे दिवस येतो. टेलिंग व्यवस्थापनाच्या ऑगस्ट २०२० च्या जागतिक मानकात म्हणून तीन गोष्टी एकत्र आहेत: धरणाचा जबाबदार अभियंता, कंपनीच्या शिखरावरचा उत्तरदायी अधिकारी, आणि मोठ्या धोक्याच्या धरणांसाठी स्वतंत्र परीक्षण मंडळ. या मंडळाचा अहवाल थेट संचालकांकडे जातो की खाण-व्यवस्थापकाच्या टेबलावर थांबतो, हे करारात वाचून घ्यावे.

खाण बंद झाल्यानंतरचा खर्चही याच तुलनेत धरावा. कर्नाटकच्या पश्चिम घाटात कुद्रेमुखची लोहखनिजाची खाण २००५ अखेर थांबली. सुमारे १०० मीटर उंचीचे लक्या धरण मात्र गाळासकट तिथेच आहे आणि त्याचा सांडवा दर पावसाळ्यापूर्वी मोकळा करावाच लागतो. प्रस्तावात या कामासाठी वेगळी ठेव आणि जबाबदार संस्थेचे नाव नसेल, तर जनसुनावणीत तेच पहिले विचारावे.