लॉकमॅडीचं ताय केर्सवाघ आणि ती सावल्यांची झोपडी: एका दिवसात उरकणार असाल तर जाऊच नका

स्कॉटलंडमधल्या स्काय बेटावर जाणारच आहोत तर उइग बंदरातून फेरी पकडून पलीकडच्या नॉर्थ उइस्ट बेटावरच्या लॉकमॅडी गावालाही हात लावून येऊ, असा प्लॅन कोणी करत असेल तर आधी हे वाचा. आमचाही तोच प्लॅन होता. फेरीला पावणेदोन तास लागतात, म्हणजे सकाळी गेलो, आर्ट सेंटर बघितलं, एक कॉफी मारली, परत आलो, असं नवरोबांचं गणित. पहिल्या दिवशी आम्ही जे काही बघितलं त्यावर रिव्ह्यू लिहिला असता तर दोन स्टार दिले असते. वारा वाढला म्हणून परतीची फेरी रद्द झाली आणि त्या कृपेने आता साडेचार देतेय.

आधी नावाची गंमत. लॉकमॅडीचं गेलिक (स्कॉटलंडची जुनी भाषा) नाव लॉख नम मादग, म्हणजे शिकारी कुत्र्यांची खाडी. खाडीच्या तोंडाशी समुद्रात काळे कातळ आहेत, त्यांनाच कुत्रे म्हणतात, एक थोरला, एक धाकटा आणि एक चक्क फुरंगटलेला (खरंच, गेलिक नावाचा अर्थच तो आहे). आणि त्या गावात आर्ट सेंटरचं नाव ताय केर्सवाघ. ताय म्हणजे घर. मला वाटलं कुत्र्यांच्या गावात हा वाघ कुठून आला, तर ते शेवटचं वाघ म्हणजे जुन्या नॉर्स भाषेतला खाडीसाठीचा शब्द, व्हायकिंग लोक इथे राहून गेले त्यांची खूण. बेटावरची निम्मी नावं अशीच आहेत, गेलिकच्या अंगावर नॉर्सचं ठिगळ.

इमारत 1741 ची, अगदी पाण्याला लागून. तेव्हा ती खानावळ-कम-मुक्कामाची जागा होती, 1990 च्या दशकात बेटावरच्या लोकांनी तिचं म्युझियम आणि आर्ट सेंटर केलं. खाली कॅफे, पोस्टाचं कामही इथेच, त्यामुळे पार्सल टाकायला आलेले आजोबा प्रदर्शनात रेंगाळताना दिसतात, आणि मला तेच जाम आवडलं. टूरिस्टसाठी सजवून ठेवलेली संस्कृती म्हणतात ना, ती ही नाही. हे लोक स्वतःसाठी जमवतात, स्वतःसाठी मांडतात, आपण बाजूला बसून ऐकायचं. सूप गरम, स्कोन ताजा, खिडकीतून भरती-ओहोटी फुकट.

वरच्या मजल्यावर जुने फोटो बघत होते तर शेजारी एक आजी उभ्या होत्या, त्या एका फोटोतल्या पीट कापणाऱ्या माणसांकडे (पीट म्हणजे दलदलीतली काळी माती, वाळवून चुलीत जाळतात) बोट दाखवून मला कोण कोणाचा ते सांगायला लागल्या. अमक्याचा तमका, त्याचा तमका, अशी चार पिढ्यांची माळ. इथे नाव विचारायची पद्धतच वेगळी, पोरासोरांना विचारतात "को लेश ऊ?", शब्दशः तू कोणाचा? मी म्हटलं अहो आमच्या कोकणात पण हेच, "कोणाचो रे तू?" एवढं मात्र त्यांना इंग्रजीत समजावून सांगताना माझी दमछाक झाली. हसल्या खूप.

याच बेटावर मॅककॉड्रम नावाचं घराणं होतं, सीलचे (समुद्रात राहणारा तो गुळगुळीत प्राणी) वंशज म्हणून ओळखलं जाणारं, आणि त्याच आडनावाचा अठराव्या शतकातला कवी इयन मॅककॉड्रम इथलाच. आणि याच बेटावर सॉलास गावात 1849 ला जमीनदाराने घरं रिकामी करायला पोलिस आणले तेव्हा बायकांनी दगड उचलले होते. सील आणि दगड दोन्ही माहीत असले की बेट वेगळं दिसतं, नाहीतर मग नुसतं हिरवं, करडं, ओलं.

आता मुख्य गोष्ट, बोह नम फालस, म्हणजे सावल्यांची झोपडी. ख्रिस ड्रूरी या कलाकाराने 1997 मध्ये ताय केर्सवाघसाठी केलेलं काम. गावातून चालत जायचं, मध्ये एक झुलता पूल लागतो, मग किनाऱ्याने पायवाट. जिथे राहिलो होतो (नाव घेत नाही) त्यांनी दहा मिनिटं सांगितली होती, त्यांच्या पायाने असतील, आम्हाला अर्धा तास लागला आणि माझे बूट आरपार भिजले. गमबूट न्या, स्टाइल नंतर.

लांबून बघितलं तर काहीच नाही. दगड रचलेली एक गोल ढेकळासारखी गोष्ट, वर गवत. वाकून आत शिरायचं, वळणाचा बोळ, दोन पावलांत मिट्ट काळोख. पहिल्या दिवशी पाऊस होता. आम्ही आत उभे राहिलो, भिंतीवर काहीतरी पांढुरकं, बस्स. नवरा म्हणाला हे बघायला आलो आपण? आणि मी गप्प.

दुसऱ्या दिवशी फेरी नाही, करायला काही नाही, ऊन पडलं म्हणून परत गेलो. यावेळी मोबाइल खिशात ठेवला आणि नुसतं उभं राहिलो. डोळे सरावायला चार-पाच मिनिटं सहज जातात. मग भिंतीवर हळूहळू पाणी आलं. म्हणजे खरंच पाणी, हलणारं, बाहेरची खाडी, भिंतीत बसवलेल्या लेन्समधून आत आलेली, आवाज नाही, रंग फिके, एक पक्षी या कडेकडून त्या कडेला गेला आणि मी दचकले. वीज नाही, स्क्रीन नाही, बटण नाही. कॅमेरा ऑब्स्क्यूरा हा शब्द शाळेत सूचिछिद्र कॅमेऱ्याच्या धड्यात कुठेतरी वाचलेला, पण आपणच कॅमेऱ्याच्या आत उभं राहायचं हे काही लक्षात आलं नव्हतं. वळणाचा बोळ कशासाठी तेही तेव्हा कळलं, बाहेरचा उजेड सरळ आत येऊ नये म्हणून.

तिथून बाहेर आल्यावर समोरच्या माळावर ढगांच्या सावल्या पळत होत्या. शेजारच्या लुइस बेटावर याला एक खास शब्द आहे, रुन्नख मूम, उन्हाच्या आणि वाऱ्याच्या दिवशी माळावरून सरकणाऱ्या ढगांच्या सावल्या, एवढ्या सगळ्याला एक शब्द! आणि रुन्नख म्हणजे काय तर बांगडा. बांगड्याच्या पाठीवरचे पट्टे आठवा, कळेल. बांगडा आयुष्यभर खाल्ला पण त्याच्या पाठीवर आभाळ कधी दिसलं नव्हतं.

हे शब्द आता कमी लोकांच्या तोंडी राहिलेत ही वाईट गोष्ट. पश्चिमेकडच्या या सगळ्या बेटांचा मिळून जो विभाग आहे तिथे 2011 च्या जनगणनेत गेलिक बोलणारे 52 टक्के होते, 2022 ला 45. म्हणजे बालेकिल्ल्यातच अर्ध्याच्या खाली. म्हणून ती आजी जे फोटोपुढे उभी राहून बोलत होती ते मला झोपडीइतकंच महत्त्वाचं वाटलं.

एक चुकलंच. 2018 ला दोन फिनिश कलाकारांनी याच इमारतीवर आणि आजूबाजूला पांढऱ्या उजेडाच्या आडव्या रेघा बसवल्या होत्या, भरती आली की सेन्सरने पेटायच्या आणि समुद्र वाढला तर वादळात पाणी कुठवर येईल ते दाखवायच्या. 2019 नंतर ते नाही. फोटो बघितले, रेघ भिंतीवर बऱ्यापैकी वर आहे. 2005 च्या जानेवारीतल्या वादळात दक्षिणेकडच्या साउथ उइस्टमध्ये एकाच कुटुंबातली पाच माणसं गेली, त्यामुळे इथल्या लोकांना त्या रेघेचा अर्थ समजावून सांगावा लागला नसणार.

वेळ असेल तर रस्त्यातच बारपा लांगाश लागतं, पाचेक हजार वर्षं जुनं दगडांचं थडगं. आतलं बांधकाम ढासळलंय म्हणून आत शिरायचं नाही, पण बाहेरून बघितलंत की झोपडीचा आकार कुठून आला असेल ते आपोआप डोक्यात येतं.

रविवार टाळा, बेटावर जवळजवळ सगळं बंद असतं. आणि झोपडीत मोबाइलचा टॉर्च लावू नका प्लीज, आमच्यानंतर आलेल्या ग्रुपने आत पाय ठेवल्या ठेवल्या लावला, दोन मिनिटांत बाहेर, "इथे तर काहीच नाहीये" म्हणत.