झुलत्या पुलाची मुख्य केबल: तेल पाजायचे की कोरडी हवा सोडायची?

जुन्या झुलत्या पुलाच्या मुख्य केबलमध्ये गंज सापडला की चर्चा बहुतेक दोन उपायांभोवती फिरते: केबल उघडून तारांना तेल पाजणे, किंवा केबल हवाबंद करून आत कोरडी हवा सोडणे. दोन्हींचा हेतू एकच, पोलादाला पाणी लागू न देणे. मर्यादाही एकच: गेलेली ताकद यातला कुठलाही उपाय परत आणत नाही. विकणाऱ्यांच्या सादरीकरणात हे सहसा शेवटच्या पानावर असते, म्हणून आधीच सांगितले.

तेल

वरची गुंडाळणी सोडायची, पाचरी ठोकून तारांमध्ये फटी पाडायच्या, जवसाचे किंवा तत्सम तेल ओतायचे, केबल पुन्हा आवळायची, पेस्ट लावून नव्याने तार गुंडाळायची. मेहनतीचे काम आहे, पण त्यात एक गोष्ट आपोआप साधते: आतल्या तारा डोळ्यांनी दिसतात. पाचरीच्या फटीत बॅटरी मारली की बरेच कळते. पांढरी पूड असेल तर तारेवरचा जस्ताचा लेप झिजतोय, पोलाद अजून शाबूत आहे. तपकिरी डाग दिसले तर तिथले जस्त संपले. गंजाच्या प्रचलित चार पायऱ्यांच्या प्रतवारीत 75 ते 150 मिमीच्या तुकड्यावर तपकिरी गंज 30 टक्क्यांपर्यंत असेल तर तिसरी पायरी, त्यापुढे चौथी. चौथीतल्या तारांचे नमुने प्रयोगशाळेत पाठवायलाच हवेत. कापलेली तार रिळावर होती तशी वळते आणि तडे बहुधा त्या वळणाच्या आतल्या बाजूला सापडतात, कारण तार सरळ ताणली गेल्यावर तिथेच जादा ताण येतो. नुसत्या नजरेला ते गंजाखाली लपतात.

तोटा उघड आहे. तेल पाचरींच्या रेषांलगत उतरते, मधल्या तारांपैकी कित्येक कोरड्याच राहतात. केबलभोवती आवळलेल्या पोलादी पट्ट्यांखाली, म्हणजे केबल बँडखाली, तर ना नजर पोचते ना तेल. शिवाय काही वर्षांनी तेल सुकते आणि सगळे पुन्हा करावे लागते.

कोरडी हवा

दाबून बसवलेल्या केबलमध्येही साधारण पाचवा भाग पोकळी असते. त्या पोकळीतून वाळवलेली, मीठ गाळलेली हवा किंचित दाबाने फिरवायची, ही कल्पना. सापेक्ष आर्द्रता सुमारे 60 टक्क्यांच्या खाली गेली की गंज जवळपास थांबतो. प्रत्यक्षात 40 टक्क्यांच्या आसपास ठेवायचे ध्येय धरतात. जपानच्या आकाशी कैक्यो पुलाला (1998) ही सोय सुरुवातीपासूनच आहे. तिथे एका केबलमध्ये 5.23 मिमी जाडीच्या 36,830 तारा आहेत. एवढ्या गठ्ठ्याच्या गाभ्यापर्यंत तेल पोचवण्याची आशा कोणी करू नये.

जुन्या पुलासाठी स्कॉटलंडचा फोर्थ रोड पूल (1964) जास्त बोलका आहे. 2004 च्या तपासणीत केबलची ताकद 8 ते 10 टक्के घटल्याचा अंदाज निघाला आणि मग कोरडी हवा बसवली. ती वेळेत लागू पडेल याची खात्री नव्हती, म्हणून शेजारी नवा पूलही हाती घेतला गेला. क्वीन्सफेरी क्रॉसिंग 2017 मध्ये सुरू झाले.

खर्च मात्र एकदाच करून सुटत नाही. वीज, ड्रायर, सेन्सर, बँडच्या सांध्यांतली गळती, या सगळ्यावर कायम माणूस हवा. यंत्र बंद पडून महिनोन्महिने कोणाच्या लक्षात आले नाही, तर हवाबंद वेष्टनाआड अडकलेले पाणी बाहेर पडायला वावच उरत नाही.

मग निवड कशी करायची?

तारांना जस्ताचा लेप आहे, पूल मोठा आहे, हवा खारी आहे आणि देखभालीचे पथक खरोखर कामावर आहे: कोरडी हवा, फार विचार न करता. पूल लहान आणि यंत्रे सांभाळायला कोणी नाही: तेल, पण ठरलेल्या वर्षांनी पुन्हा उघडण्याची तरतूद करूनच. कोरडी हवा निवडली तरी आधी केबल काही ठिकाणी पाचर मारून बघाच, आणि तुटणाऱ्या तारांचा आवाज टिपणारी ध्वनियंत्रणा सोबत बसवा. तडे गेलेल्या तारा हवा कोरडी झाल्यावरही तुटू शकतात.

थकव्याचा, म्हणजे ताण वारंवार कमी-जास्त होऊन तार कमकुवत होण्याचा (फटीगचा), प्रश्न इथे मुद्दाम मागे ठेवला. मुख्य केबलवर बहुतांश भार पुलाच्या स्वतःच्या वजनाचा असतो, त्यामुळे वाहनांमुळे ताणात होणारा चढउतार तुलनेने कमी. हँगर (मुख्य केबलपासून रस्ता टांगणाऱ्या उभ्या दोऱ्या) आणि केबल-स्टेड पुलांचे स्टे (मनोऱ्यापासून थेट रस्ता तोलणाऱ्या तिरक्या केबल) यांची गोष्ट वेगळी. नवा स्टे 200 मेगापास्कलच्या चढउतारात 20 लाख आवर्तने टिकतो, हे चाचणीत दाखवावे लागते. पण गंजाने खड्डे पडलेल्या तारेवर तो हिशेब लागू होत नाही, कारण प्रत्येक खड्डा तड्याची तयार सुरुवात असतो. लांबीने आखूड हँगर जास्त वाकतात आणि पाणी खालच्या सॉकेटच्या, म्हणजे हँगरचे टोक धरणाऱ्या खोबणीच्या, तोंडाशी साचते, म्हणजे थकवा आणि गंज ही दोन्ही दुखणी एकाच जागी भेटतात. तिथे तेल की हवा हा वादच गैरलागू आहे. हँगर बदलता येतो, बदला.