पांढरं पाणी आणि दहा वर्षांची गॅरंटी

लॉकडाउनमध्ये आमच्या ह्यांनी कोथरूडच्या फ्लॅटच्या गच्चीवर स्वतः लाकडी डेक ठोकला. दिसायला झकास. पण पाऊस सुरू झाला की फळ्यांखाली पाणी तुंबायचं, कुबट वास यायचा आणि खालच्या काकूंच्या छताला ओल धरायची.

मे महिन्यात एक वॉटरप्रूफिंगवाला घरी आला. "वहिनी, डेक उचलायची गरजच नाही, फटींतून केमिकल सोडतो." पाणी जायच्या जाळीजवळ त्याने बादलीभर पाणी ओतलं, ते झरझर गेलं. "बघा, ढाळ, म्हणजे पाण्याचा उतार, एकदम ओके. दोष कोब्यात, गच्चीच्या सिमेंटच्या थरात आहे." जाळीच्या तोंडाशी ओतलेलं पाणी जाणारच! लांबच्या कोपऱ्यात ओत, असं म्हणायला आम्हा दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. सांगितले 62,000, त्यातले 40,000 मटेरियलसाठी आधी.

दोन पोरं आली. नामांकित कंपनीच्या बादल्या, पण झाकणं आधीच उघडलेली. एक जण आमच्याच नळाखाली बादली धरून उभा होता. मला वाटलं, ब्रश धुतोय. चारच्या आत काम खलास. उरलेले पैसे घेऊन हातात दहा वर्षांचं गॅरंटी कार्ड ठेवलं.

जूनच्या पहिल्या सरीला पाइपातून दुधासारखं पांढरं पाणी खाली पार्किंगमधल्या काळ्या गाडीवर. फोन केला तर म्हणे, "पाऊस जरा लवकर आला, वहिनी." त्यानंतर फोन कायमचा बंद.

शेवटी सोसायटीच्या जुन्या गवंड्याने पाच फळ्या उचलल्या आणि हसला. ह्यांनी फळ्यांखालच्या रिपा, म्हणजे आधाराच्या लाकडी पट्ट्या, ढाळाला आडव्या टाकल्या होत्या, म्हणजे प्रत्येक रीप एक बांध! जाळी फळीखाली गाडलेली, वर गुलमोहराच्या पानांचा लगदा. दिवसेंदिवस साचलेलं पाणी तडकलेल्या वाट्यातून, म्हणजे भिंत आणि गच्ची जिथे मिळतात तिथल्या सिमेंटच्या गोलाईतून, खाली झिरपत होतं. त्याने वाटा नव्याने केला, जाळीचं तोंड बंद करून दोन दिवस गच्चीत पाणी भरून ठेवलं. काकूंचं छत कोरडं. मग रिपा ढाळाच्या दिशेने फिरवल्या. सगळे मिळून 9,500.

ते कार्ड मी जुलैत नीट पाहिलं. जीएसटी नंबर 15 अंकाक्षरांचा असतो, कार्डावर 14च. पत्ता नाही. ॲडव्हान्स यूपीआयने भलत्याच नावाच्या खात्यात गेलेला, बाकीचे रोख, म्हणजे पुरावा फक्त 40,000चा. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, पण नोटीस पाठवायची कुठे?

तुमच्याकडे असा कोणी आला तर आधी एक फळी उचलायला लावा. नाही म्हणाला तर चहा पाजून वाटेला लावा. आणि निम्मे पैसे पहिला मोठा पाऊस होऊन जाईपर्यंत हातचे सोडू नका.

जाळीवरच्या फळीला ह्यांनी आता कडी बसवलीय. दर रविवारी ती उचलून पानं काढतात, मुकाट्याने.