चेहऱ्याच्या लकव्यासाठी मराठी प्रश्नावली: फेस स्केल घ्यावी की एफडीआय?

एमपीटी (फिजिओथेरपीतली पदव्युत्तर पदवी) किंवा एमएस ईएनटी (कान-नाक-घसा) यांच्या प्रबंधासाठी चेहऱ्याच्या लकव्याच्या रुग्णांची जीवनमान प्रश्नावली मराठीत आणण्याचा विषय मनात असेल, तर सगळ्यात आधी साधन निवडावं लागतं. मराठी आवृत्ती कोणी आधीच केली आहे का हे पबमेड या वैद्यकीय लेखांच्या सूचीवर आणि आपल्या विद्यापीठाच्या जुन्या प्रबंधांत नीट शोधा. रस्ता मोकळा असेल तर बहुतेकांची चर्चा दोन नावांवर येते: फेस स्केल आणि फेशियल डिसॅबिलिटी इंडेक्स, म्हणजे एफडीआय.

माझं मत आधीच सांगते. एकट्याने काम करायचं असेल तर फेस घ्या. दोघं मिळून करणार असाल तर दोन्ही एकदम करा. फक्त एफडीआय घेण्याची कारणं थोडी आहेत, पण ती खरी आहेत.

मुळात प्रश्नावली लागते कशाला? डॉक्टर चेहरा तपासून दर्जा देतात. १९८५ पासून वापरात असलेल्या हाउस-ब्रॅकमन पद्धतीत असे सहा दर्जे आहेत (पहिला म्हणजे निरोगी, सहावा म्हणजे पूर्ण लकवा), आणि सनीब्रुक पद्धत १०० पैकी गुण देते. पण दुसऱ्या दर्जाची बाई वर्षभर एकाही हळदीकुंकवाला गेलेली नाही आणि चौथ्या दर्जाचा माणूस रोज दुकानात गल्ल्यावर बसतो, हे या आकड्यांत कुठेच दिसत नाही. ते रुग्णालाच विचारावं लागतं, आणि त्याच्या भाषेत विचारावं लागतं.

दोन्हींत नेमकं काय विचारतात

एफडीआय १९९६ मध्ये व्हॅनस्वेरिंजन आणि ब्राक यांनी मांडली. तिच्यात एकूण १० प्रश्न आहेत. पाच शारीरिक कामांचे: खाणं, पिणं, बोलताना ठरावीक आवाज काढणं, डोळ्याला पाणी येणं किंवा कोरडेपणा, दात घासणं आणि चूळ भरणं. पाच सामाजिक आणि मानसिक: मन शांत होतं का, लोकांपासून दूर राहिलात का, चिडचिड झाली का, झोप मोडली का, बाहेर जाणं टाळलंत का.

फेस स्केल २००१ ची, कान आणि सहकाऱ्यांची. तिच्यात १५ विधानं आहेत आणि प्रत्येकाला १ ते ५ गुण. ती सहा भागांत विभागली आहेत: चेहऱ्याची हालचाल, चेहऱ्याला वाटणारा आराम, तोंडाचं काम, डोळ्याचा आराम, अश्रूंवर ताबा आणि सामाजिक वावर. एकूण गुण ० ते १००, जास्त म्हणजे चांगलं.

फेसचं बळ आरामाच्या भागात आहे. चेहरा ताठ वाटतो, थकतो, हलवायला गेलं की ओढ बसते किंवा दुखतं, हे जुने रुग्ण सारखे सांगतात आणि एफडीआय ते विचारतच नाही. सामाजिक भागही फेसचा जास्त नेमका आहे: ‘माझ्या चेहऱ्यामुळे लोक माझ्याशी वेगळं वागतात’, ‘खाण्याच्या अडचणीमुळे हॉटेलात किंवा दुसऱ्यांच्या घरी जेवणं टाळतो’ अशा आशयाची विधानं. एफडीआयच्या झोपेच्या किंवा चिडचिडीच्या प्रश्नाला शेतात पाऊस नाही म्हणून झोप उडालेला माणूसही वाईट गुण देईल. चेहऱ्यामुळे किती आणि बाकी आयुष्यामुळे किती, हे त्या उत्तरातून वेगळं काढता येत नाही.

एक गोष्ट मात्र फेसमध्ये नाही: बोलणं. प, फ, ब, भ, म हे ओठांनी उच्चारायचे वर्ण लकव्यात बिघडतात. शिक्षक, वकील, कीर्तनकार, दिवसभर हाक मारून भाजी विकणारी बाई, या सगळ्यांची पहिली तक्रार तीच असते. तुमच्या अभ्यासात वाचा हा मुख्य धागा असेल, तर एफडीआयचा विचार गंभीरपणे करा.

बाजू कोणती?

फेसच्या मराठीकरणातली सगळ्यात मोठी अडचण इथे आहे, आणि कागदावर भाषांतर करताना ती दिसत नाही. बरीच विधानं ‘बाधित बाजू’बद्दल आहेत. आपल्याकडे रुग्ण म्हणतो, ‘तोंड वाकडं झालं.’ पण तोंड ओढलं जातं ते चांगल्या बाजूकडे. हसताना वर जाणारी, ताणलेली बाजू निरोगी असते आणि सपाट दिसणारी लुळी असते. त्यामुळे ‘वाकडी झालेली बाजू’ असं लिहिलंत, तर काही रुग्ण चांगल्या बाजूबद्दलच उत्तरं देतील आणि हालचालीच्या भागात त्यांना पूर्ण गुण मिळतील. शब्द कोणताही निवडा, प्रश्नावलीच्या वरच्या भागात चेहऱ्याचं साधं चित्र ठेवा आणि तपासणाऱ्याने रुग्णासमोर बाजूवर खूण करावी. हा बदल मूळ लेखकांना कळवून करा. एफडीआयमध्ये बाजूचा उल्लेख नसल्याने हा प्रश्न येत नाही. तिचा हा मोठा फायदा आहे.

एफडीआयच्या अडचणी वेगळ्या. सामाजिक प्रश्नांना ‘सगळा वेळ’पासून ‘अजिबात नाही’पर्यंत सहा पायऱ्या आहेत. ‘बराचसा वेळ’, ‘बऱ्यापैकी वेळ’, ‘काही वेळ’ हे तोंडी विचारलं तर मधल्या तीन पायऱ्या ऐकणाऱ्याला सारख्याच वाटतात. वाचता न येणाऱ्या रुग्णांसाठी मोठे भरीव गोल किंवा भरलेल्या पेल्यांची चित्रं वापरावी लागतील, आणि ती आधी थोड्या जणांवर करून पाहावी लागतील. फेसच्या पाच पायऱ्या तोंडी विचारायला सोप्या जातात.

पिण्याच्या प्रश्नातही अडचण आहे. मूळ प्रश्न कपातून पिण्याचा. तांब्याभांड्याने वरून पाणी पिणाऱ्याचा ओठ भांड्याला लागतच नाही, आणि चहा बशीत ओतून पिणाऱ्याला वेगळी कसरत करावी लागते. ‘ओठ लावून पिताना’ असं स्पष्ट लिहिलं, तर प्रश्नाचा मूळ हेतू टिकतो.

त्याहून खोल अडचण गुणांची आहे. एफडीआयच्या शारीरिक भागात ‘दुसऱ्या कारणाने हे केलंच नाही’ असं उत्तर दिलं की ० गुण मिळतात, म्हणजे आजारामुळे न करणाऱ्यापेक्षाही कमी. त्यामुळे या भागाची मर्यादा ‑२५ ते १०० अशी विचित्र होते, तर सामाजिक भागाची ० ते १०० राहते. दोन्ही भागांची एक बेरीज करता येत नाही. परीक्षकांना ऋण गुण समजावून सांगायची तयारी ठेवा.

काळाची चौकट

माझ्या मते निर्णय यावरच व्हायला हवा. एफडीआय गेल्या महिन्याबद्दल विचारते, फेस गेल्या आठवड्याबद्दल. दहा दिवसांपूर्वी बेल्स पाल्सी, म्हणजे ठोस कारण न सापडता अचानक येणारा चेहऱ्याचा लकवा, झालेल्या माणसाचा गेला महिना म्हणजे वीस दिवस धड आणि दहा दिवस बिघडलेले. तो कोणत्या दिवसांचं उत्तर देणार? तुमच्या ओपीडीत नवे रुग्ण जास्त येत असतील, तर फेसला पर्याय नाही. सगळे रुग्ण वर्षभरापूर्वीचे असतील, तर हा फरक फारसा उरत नाही.

विश्वसनीयता तपासतानाही हेच आडवं येतं. पुनर्चाचणी, म्हणजे त्याच रुग्णांकडून तीच प्रश्नावली पुन्हा भरून घेणं, साधारण दोन आठवड्यांनी करण्याची पद्धत आहे. पण बेल्स पाल्सीच्या नव्या रुग्णात दोन आठवड्यांत चेहरा खरोखर बदलतो, आणि अशा दहापैकी सुमारे सात रुग्ण पुढे पूर्ण बरे होतात. तिथे गुण बदलले तर दोष प्रश्नावलीचा नसतो. म्हणून पुनर्चाचणीसाठी जुने, स्थिर रुग्ण घ्या. नव्यांचा उपयोग उलट कामाला करा: सुधारणा झाली की प्रश्नावलीला ती कळते का, हे त्यांच्यावरच तपासता येतं.

मेहनत कुणात कमी?

दहा प्रश्न म्हणजे काम कमी, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. बीटन आणि सहकाऱ्यांची २००० ची मार्गदर्शक पद्धत दोन्हींना सारखीच लागू होते: दोन स्वतंत्र भाषांतरं, त्यांतला एक भाषांतरकार वैद्यकाबाहेरचा, त्यांचा मेळ, मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या दोघांकडून इंग्रजीत उलट भाषांतर, तज्ज्ञांची बैठक, मग ३० ते ४० जणांवर पूर्वचाचणी. उलट भाषांतर करणाऱ्यांची मातृभाषा इंग्रजी असावी असा आग्रह आहे. आपल्या शहरांत ते कठीण जातं. लहानपणापासून इंग्रजीत शिकलेली, वैद्यकाशी संबंध नसलेली माणसं घ्या आणि ही तडजोड प्रबंधात स्पष्ट लिहा.

रुग्णसंख्येतही फरक नगण्य आहे. घटक विश्लेषणासाठी, म्हणजे प्रश्न खरोखर ठरलेल्या भागांत विभागले जातात का हे तपासण्यासाठी, कॉस्मिनच्या (अशा प्रश्नावल्यांचा दर्जा ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाच्या) निकषात प्रश्नांच्या सातपट रुग्ण आणि किमान १०० असं धरतात. फेसच्या १५ प्रश्नांना १०५ लागतात. एफडीआयच्या १० प्रश्नांना हिशेबाने ७०, पण किमान अट १०० चीच. पाच रुग्ण वाचवण्यासाठी साधन बदलू नका. अंतर्गत सुसंगतीसाठी (एका भागातले प्रश्न एकमेकांशी जुळतात का) क्रॉनबाख अल्फा आणि पुनर्चाचणीसाठी आयसीसी (दोन वेळच्या गुणांचा मेळ दाखवणारा आकडा), दोन्ही ०.७० च्या वर हवेत. फेसमध्ये अश्रूंच्या भागात एकच विधान आहे, तिथे अल्फा काढताच येत नाही. मार्गदर्शकाला हे आधीच सांगून ठेवा.

खरी अडचण तुलनेच्या साधनाची असते. मराठी फेसचे गुण कशाशी जुळवून पाहणार? इंग्रजी एफडीआयशी जुळवता येत नाहीत, कारण रुग्णाला ती वाचताच येत नाही. म्हणूनच जर्मनीतल्या गटाने फेस आणि एफडीआय दोन्हींच्या जर्मन आवृत्त्या एकत्रच तपासल्या. तेच रुग्ण आणि तीच भेट, आणि एक साधन दुसऱ्याला आधार देतं. दोन विद्यार्थी, किंवा जवळच्या दोन महाविद्यालयांतले ईएनटी आणि फिजिओथेरपी विभाग असं काम वाटून घेऊ शकतात, आणि मला हीच सर्वांत चांगली वाट वाटते. एकटे असाल तर सनीब्रुकचे गुण आणि मराठीत उपलब्ध असलेली ईक्यू-५डी ही एकूण आरोग्याची छोटी प्रश्नावली ठेवा. सनीब्रुक करणाऱ्याला रुग्णाची उत्तरं माहीत नसावीत. फेसचा हालचालीचा भाग सनीब्रुकशी चांगला जुळेल, सामाजिक भाग कमी जुळेल, असं गृहीतक आधीच लिहून ठेवा, म्हणजे कमी संबंध आला की घाबरायला नको.

विदर्भातल्या कुष्ठरोगाच्या केंद्रांतून रुग्ण घेणार असाल तर जास्त जपा. या आजारात पापणी मिटत नाही, अनेकदा दोन्ही डोळ्यांची, आणि त्याच वेळी बुबुळाची संवेदनाही कमी झालेली असू शकते. अशा रुग्णाला ‘डोळा कोरडा वाटतो, खुपतो का’ असं फेसने विचारलं तर तो ‘कधीच नाही’ म्हणेल आणि चांगले गुण मिळवेल, तेव्हा त्याचा डोळा धोक्यात असेल. एफडीआयच्या डोळ्याच्या प्रश्नातही तेच होईल. हा गट वेगळा ठेवा आणि प्रश्नावली भरायच्या आधी नेत्रतपासणी करा.

तुमचे बहुतेक रुग्ण वर्षापेक्षा जुने असतील, हसताना डोळा आपोआप बारीक होणं किंवा डोळा मिटताना तोंड ओढलं जाणं ही त्यांची तक्रार असेल, तर फेससोबत दुसरं साधन म्हणून एफडीआयऐवजी सिंकायनेसिस (अशा नको असलेल्या जोडहालचाली) असेसमेंट क्वेश्चनेअर घ्या. ती २००७ ची आहे, नऊच प्रश्न, एका पानात मावते. ज्या साधनाचं भाषांतर कराल, त्याच्या मूळ लेखकांची लेखी परवानगी नीतिसमितीकडे अर्ज करण्याआधीच मागवा, कारण उत्तर यायला वेळ लागू शकतो आणि प्रबंधाचा आराखडा (सिनॉप्सिस) दाखल करायची मुदत तेवढ्यासाठी थांबत नाही.