अडलेल्या मुलाला हिंट कशी द्यावी: ॲप, चिठ्ठी की शेजारी बसून?

परभणीकडे दहावीची अभ्यासिका सुरू करणाऱ्या एका मित्राने विचारलं, गणिताच्या सरावासाठी हिंट देणारं ॲप घ्यावं की कागदावर भागवावं? जालना जिल्ह्यात आम्ही दोन्ही वापरलं. माझा कौल चिठ्ठीला, म्हणजे कागदावर एकेक करून लिहून दिलेल्या हिंटना.

ॲपमध्ये अडलं की बटण दाबायचं. एकेक हिंट उघडते आणि शेवटची बहुधा उत्तरच सांगते. मुलं हे दोन दिवसांत ओळखतात. मधलं काही न वाचता भराभर दाबत तळ गाठतात. यात आपल्याच पोरांचा दोष नाही. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या अलेव्हन आणि कोडिंगर यांनी भूमिती शिकवणाऱ्या संगणक प्रणालीबाबत २००० सालीच हे मांडलं होतं. ज्याला मदतीची गरज आहे, तो वेळेवर मागतोच असं नाही, हेही. ॲपचा मोठा फायदा म्हणजे कोण कुठे अडलं याची आपोआप नोंद होते. पण घरातला एकच फोन वडिलांसोबत शेतात असतो, तेव्हा मुलीने सराव कशावर करायचा?

चिठ्ठीचं असं. उदाहरण घ्या: दोन क्रमागत सम नैसर्गिक संख्यांच्या वर्गांची बेरीज २४४ आहे, तर त्या संख्या कोणत्या? पहिली चिठ्ठी विचारते, ‘लहान संख्या क्ष मानली, तर पुढची सम संख्या काय?’ इथे निम्मी मुलं क्ष + १ लिहून बसलेली असतात, त्यांना तेवढंच पुरतं. दुसरी: ‘दोघींचे वर्ग लिहून बेरीज मांड.’ तिसरीत उत्तर नसतं; आकडे बदलून सोडवलेलं तसंच दुसरं उदाहरण असतं. नियम एकच, चिठ्ठी उघडण्याआधी आपला प्रयत्न वहीत दिसला पाहिजे. कापूस वेचणीच्या दिवसांत मुली या चिठ्ठ्या घरी नेतात.

तयारीला मात्र वेळ जातो. एका प्रकरणाला आमच्या तीन-चार संध्याकाळी लागल्या.

शेजारी बसून सांगणं सर्वांत चांगलं, पण एक सर किती जणांजवळ बसणार? शिवाय मूल गप्प राहिलं की आपल्यालाच राहवत नाही, पुढची पायरी तोंडून निघून जाते.

वीस-पंचवीस मुलं असतील तर चिठ्ठ्याच करा. शंभरावर असतील तर ॲप घ्या, पण आधी विचारा: शेवटची हिंट बंद ठेवता येते का? येत नसेल तर ते घेऊ नका. सुरुवात वर्गसमीकरणांच्या शाब्दिक उदाहरणांपासून करा, आमची मुलं तिथेच जास्त अडली.