व्हेमोर्क : जड पाण्याच्या तळघरापर्यंत

नॉर्वेतील रियुकान गावाजवळच्या व्हेमोर्क जलविद्युत केंद्रात आता औद्योगिक कामगारांचे संग्रहालय असून, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातील येथील कारखान्यातले जड पाणी (अणुसंशोधनासाठी लागणारे, जड हायड्रोजन असलेले पाणी) नष्ट करण्याच्या १९४३ च्या मोहिमेविषयी ज्यांना कुतूहल आहे त्यांनी पूर्ण दिवस राखूनच येथे यावे. झुलत्या पुलावरून दरीत डोकावले, की २७ फेब्रुवारीच्या रात्री योआकिम रोनेबर्ग यांच्या नऊ नॉर्वेजियन सैनिकांच्या तुकडीने पहाऱ्यातला हा पूल टाळून, खालची गोठलेली नदी ओलांडून समोरचा कडा कसा चढला असेल, याची कल्पना कोणत्याही फलकाविना येते. त्यांनी कारखान्याच्या तळघरात शिरून विद्युत-अपघटनाची (विजेने पाण्याचे विघटन करून जड पाणी मिळवणारी) उपकरणे उडवली, सुमारे ५०० किलो जड पाणी वाया घालवले आणि एकही गोळी न झाडता सगळे निसटले.

कारखान्याची ती इमारत १९७७ मध्ये पाडली गेली; परंतु ढिगाऱ्याखालचे तळघर उत्खननाने मोकळे करण्यात आले असून ते मार्गदर्शकासोबत पाहता येते, आणि माझ्या मते तिकिटाचे पैसे तिथेच वसूल होतात. यंत्रदालनातील अजस्र जनित्रे घाईत पाहिली तरी चालतील. याच कारखान्यावरची नोव्हेंबर १९४२ मधील ब्रिटिश मोहीम मात्र आवर्जून समजून घ्यावी, कारण ग्लायडर (बिनइंजिनाची विमाने) कोसळून ती फसली आणि अपघातातून वाचलेल्या सैनिकांनाही जर्मनांनी ठार केले. नंतरच्या तुकडीने केवढी जोखीम पत्करली होती, हे त्याशिवाय कळत नाही. वाहनतळापासूनचा चढ मात्र ज्येष्ठांना दमवणारा आहे.