कॅरेक्टर कशाने वाढवायचं: लेव्हलने, वापराने की पॉइंटने?

सांगलीत विश्रामबागेत आमचं टेबल एक शनिवार सोडून एक शनिवार बसतं. आम्ही रोलप्लेइंग गेम खेळतो: एक जण, म्हणजे जीएम (गेम मास्टर), गोष्ट आणि नियम सांभाळतो, बाकीचे एकेक पात्र, म्हणजे कॅरेक्टर, चालवतात आणि फासे टाकून काय घडतं ते ठरवतात. नवा गट जमवणारी मंडळी भेटली की विचारतात, कुठला गेम घेऊ? मी आधी त्यांनाच विचारते, तुमच्या खेळाडूंनी टेबलावर काय करावं असं तुम्हाला वाटतं? कॅरेक्टर ज्या कामाने वाढतं, तेच काम खेळाडू पुन्हा पुन्हा करतात.

याचा चोख पुरावा डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्येच आहे. 1974 साली हा गेम आला तेव्हा खजिना बाहेर आणला की एक्सपी (अनुभवाचे गुण; ते पुरेसे जमले की कॅरेक्टरची लेव्हल, म्हणजे पायरी, वाढते) मिळायचे, सोन्याच्या एका नाण्याला एक. 1981 च्या बेसिक आवृत्तीत फायटरला, म्हणजे लढवय्या कॅरेक्टरला, दुसऱ्या लेव्हलसाठी 2000 एक्सपी लागतात आणि एका गॉब्लिनला, म्हणजे छोट्या राक्षसाला, मारल्याचे मिळतात फक्त 5. मग जिवावर उदार होऊन लढायचं कशाला? खेळाडू दबकत जातात, पहारेकऱ्याला गोडीगुलाबीने पटवतात, नाणी पोत्यात भरतात आणि सटकतात. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत त्याच गॉब्लिनचे 50 एक्सपी आहेत आणि दुसरी लेव्हल 300 वर आहे. चौघांत वाटून घेतले तरी 24 गॉब्लिनांत काम होतं. साहजिकच तलवार आधी निघते.

लेव्हलची खरी मजा एकदम मिळणाऱ्या उडीत आहे. पाचव्या आवृत्तीत पाचव्या लेव्हलला फायटरला दुसरा वार मिळतो आणि विझर्डला, म्हणजे जादूगाराला, फायरबॉल हा आगीच्या गोळ्याचा मंत्र. फायरबॉलची इजा मोजायला सहा बाजूंचे आठ फासे लागतात. आमच्याकडे तेव्हा तीनच होते. घरातल्या मुलीने ल्युडोचा डबा आणला, उरलेले शेजारच्या काकूंकडून आले. विझर्ड खेळणारी पोरगी आठही फासे ओंजळीत घेऊन उभी राहिली आणि भडंगाचा वाडगा कुणीतरी पटकन बाजूला ओढला. बेरीज 31 आली. चार महिने मागे लपणारी ती विझर्ड त्या रात्री पुलावरची अख्खी टोळी संपवून पुढे चालायला लागली.

शरीरही तसंच वाढतं. पहिल्या लेव्हलचा साधारण धडधाकट फायटर 12 हिट पॉइंटचा, म्हणजे एवढी इजा झाली की तो पडतो. गॉब्लिनचा नेहमीचा वार जास्तीत जास्त 8 चा, म्हणजे दोन वारांत तो आडवा होऊ शकतो. पाचव्या लेव्हलला त्याचे 44 झालेले असतात आणि त्याच गॉब्लिनला किमान सहा वार बसवावे लागतात. ज्यांना आपला नायक खरोखर मोठा झालेला बघायचाय, त्यांनी दुसरीकडे जायची गरज नाही.

1978 चा रूनक्वेस्ट अगदी वेगळ्या वाटेने जातो. तिथे लेव्हल नाही. कसोटीच्या वेळी एखादं कौशल्य यशस्वी झालं की शीटवर, म्हणजे कॅरेक्टरच्या नोंदींच्या कागदावर, त्याच्यापुढे पेन्सिलीने खूण करायची. साहस संपल्यावर शंभराचा फासा टाकायचा आणि आपल्या टक्क्यांपेक्षा जास्त आलं तर कौशल्य वाढतं. चढाई 35 टक्के असेल तर वाढायची शक्यता भरपूर, 90 असेल तर फारच थोडी. आमच्यातला एक जण लहानपणी तालमीत जायचा. त्याला हे समजवावंच लागलं नाही. म्हणाला, "बरोबर आहे, नवा पोरगा महिन्यात चार डाव उचलतो, वस्तादाचं वर्ष एका डावावर जातं."

पण इथे हिट पॉइंट अंगकाठीवर ठरतात आणि अनुभवाने फुगत नाहीत. तिसाव्या सेशनला आमच्या सर्वांत मुरलेल्या योद्ध्याच्या पायात एका साध्या दरोडेखोराचा भाला घुसला आणि तो उठलाच नाही. खेळणारा बराच वेळ शीटकडे बघत बसला. मला हा धोका मनापासून आवडतो, कारण प्रत्येक लढाईआधी टेबल विचार करतं. तुमच्या गटाला तो सोसेल का, हे आधी विचारून घ्या. दुसरी अडचण खुणांची: नुसती खूण मिळवायला काही जण मध्येच तलवार टाकून गोफण उचलतात. जीएमने तिथे ठाम राहून नाही म्हणायचं.

पॉइंटचा प्रकार, म्हणजे 1986 च्या गर्प्ससारखा, मी नवख्यांना सुचवत नाही. मिळालेले पॉइंट हवे तिथे घाला, मोकळीक पूर्ण. पण नवा माणूस कौशल्यांची यादी बघूनच दमतो. जुन्या, हिशेबी खेळाडूंना मात्र तो सोडवत नाही.

चुकायला घाबरणारे, गप्प बसणारे खेळाडू असतील तर 2012 चा डन्जन वर्ल्ड बघा. तिथे दोन फाशांची बेरीज कॅरेक्टरचा गुण मिळवूनही 6 किंवा कमी आली, म्हणजे काम फसलं, की एक्सपी मिळतो. आमच्याकडची सर्वांत बुजरी मुलगी तिथे आपणहून कुलपं उघडायला पुढे व्हायला लागली.

हजेरीचाही विचार करा. आमच्यातले दोघे पुण्याला नोकरीला आहेत, महिन्यातून एकदा जेमतेम येतात. प्रत्येकाचे एक्सपी वेगळे मोजले तेव्हा ते दोन लेव्हल मागे पडले आणि यायचंच टाळू लागले. मग आम्ही मोजणी सोडली. कथेचा टप्पा पार पडला की सगळ्यांची लेव्हल एकदम वाढते, गैरहजर असला तरी. लेव्हलचा गेम आणि विस्कळीत हजेरी असेल तर माझा कौल यालाच. नेमाने जमणारे चार-पाच जण असाल आणि मरणाची भीती टेबलावर चालणार असेल, तर बेलाशक रूनक्वेस्ट.

खर्चामुळे अडलं असेल तर पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली फुकट आहेत, छापून घेतले की झालं. रूनक्वेस्टला शंभराच्या फाशासाठी दहा बाजूंचे, दोन वेगळ्या रंगांचे फासे लागतात. ते ल्युडोच्या डब्यात मिळत नाहीत, पहिल्या शनिवारच्या आधी मागवून ठेवा.